‘हरकत नाही’ म्हणजे ‘करा’ नव्हे

चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या बांध्यांमध्ये रोवणी अर्धीअधिक उरकली होती. पऱ्हे जरा जास्त दिवसांचे झाले होते, म्हणून चुडाला किती रोपं लावतात ते पाहत मी धुऱ्याधुऱ्याने चाललो होतो. तेवढ्यात चिखलातून एक पोरगा वर आला. हात पँटला पुसले आणि म्हणाला, "साहेब, एक इंग्रजीचं विचारू का जी?"

धानाचं विचारणारे रोज भेटतात. इंग्रजीचं विचारणारा बांधीत पहिल्यांदाच भेटला.

ज्यांना हे गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिरोडा तालुक्यातलं हे गाव. तलाव इंग्रजांच्या काळातला आणि मागे नागझिऱ्याचं जंगल. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलात शिरायचं एक गेट चोरखमाऱ्याकडून आहे. त्यामुळे इथल्या काही पोरांचं वर्ष दोन वाटण्यांचं असतं. गेट सुरू असलं की जिप्सीत पाहुण्यांसोबत गाईड, आणि पावसाळ्यात गेट बंद झालं की बापासंगं बांधीत. हा त्यातलाच एक. बारावी झालेला. पाखरांची नावं मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत सांगतो. अडतो तो नावांवर नाही, बोलण्यावर.

झालं असं होतं. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या जिप्सीत दक्षिणेकडचे पाहुणे होते. मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदी जेमतेम. वाटेत धुळीत वाघाचे ताजे ठसे दिसले. पाहुण्याने विचारलं, "कॅन वुई गो अँड सी?" पोराच्या डोक्यात होतं की गाडी पुढे घेऊ, पुढच्या वळणावरून दिसेल. त्याने हात पुढे केला आणि ‘पुढे जाऊ’चं शब्दाला शब्द इंग्रजी केलं, "गो अहेड, गो अहेड!" पाहुण्याने एक पाय जिप्सीच्या बाहेर टाकला. ड्रायव्हर ओरडला म्हणून तो पाय परत आत आला.

पाहुण्याची चूक काढता येत नाही. त्याने उतरून पाहायची परवानगी मागितली आणि गाईडने चांगल्या इंग्रजीत ती देऊन टाकली. जंगलात गाडीतून उतरायला मनाई आहे. जवळपास वाघ असता तर काय, ते बाजूलाच ठेवू. नुसती तक्रार झाली असती तरी पोराचं काम गेलं असतं.

दुसरा किस्सा साधा, पण त्याला जास्त लागलेला. एका बाईंनी गाडी थांबली असताना विचारलं, "डू यू माइंड इफ आय स्टँड?" हा उत्साहाने म्हणाला, "येस, येस मॅडम!" बाई उभ्या राहायच्या होत्या त्या बसल्या आणि गेटपर्यंत तोंड उतरवून बसून राहिल्या. आपण हो म्हटलं तरी त्या का रुसल्या, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

त्याचा प्रश्न असा होता: "परवानगी द्याची असन तं का म्हनाचं, आन् हिंमत द्याची असन तं का म्हनाचं? दोन्हीले ‘गो’च हाये ना जी!"

मी कृषी पदविकावाला माणूस. माझं इंग्रजी औषधाच्या डब्यावरचं. त्याला म्हटलं, पंधरा दिवस दे. मग ओळखीच्या एका हायस्कूलच्या मास्तरांना गाठलं, शब्दकोश चाळला, आणि जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. इंग्रजीच्या निमित्ताने मला माझ्याच खात्याची आणि माझी एक जुनी चूक नीट समजली, म्हणून शेतकरी बंधूंच्या या पानावर लिहितो.

मास्तरांनी सुरुवात मराठीपासून केली. म्हणाले, आपण "उतरू का?", "टाकू का?", "येऊ का?" असं विचारतो. या एका ‘ऊ का’मध्ये तीन प्रश्न असतात. "आत येऊ का?" ही परवानगी. "युरिया टाकू का?" हा सल्ला. "चहा टाकू का?" ही विचारणा, म्हणजे तुमची इच्छा असेल तर मी करतो. आपण सूर ऐकून ओळखतो कोणता आहे ते. इंग्रजीत सहसा तिघांना वेगळे शब्द वापरतात. परवानगीला ‘मे आय’ किंवा ‘कॅन आय’, सल्ल्याला ‘शुड आय’, विचारणेला ‘शॅल आय’. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्याने काय विचारलं ते त्याच्या पहिल्या शब्दात कळतं. उत्तर द्यायच्या आधी तो पहिला शब्द ऐकायचा. आपली पोरं शेवटचा ऐकतात.

आता उत्तरं. ‘गो अहेड’ म्हणजे परवानगी. समोरचा विचारून थांबला आहे आणि आपण अडवत नाही, एवढाच अर्थ. ‘करा, हरकत नाही.’ ते चांगलं आहे की वाईट याबद्दल बोलणारा काहीच बोलत नाही. ‘गो फॉर इट’ याला मात्र हिंमत देणं म्हणतात. समोरच्याच्या मनात काही करायचं आहे, धाकधूक आहे, कष्ट किंवा जोखीम आहे, तिथे आपण पाठीवर हात ठेवतो: ‘कर रे, मार हिंमत!’ पोलीस भरतीला जाणाऱ्या पोराला ‘गो फॉर इट’ म्हणावं. ‘मी खिडकी उघडू का?’ म्हणणाऱ्याला ‘गो फॉर इट’ म्हटलं तर तो हसेल, कारण खिडकी उघडायला हिंमत लागत नाही.

‘गो ऑन’ या दोघांच्या मधला. पंगतीत पाहुणा पुरे म्हणतो आणि आपण "घ्या ना जी, एक पोळी" म्हणून ताटात टाकतोच, तो ‘गो ऑन’. कोणी गोष्ट सांगता सांगता थांबला तर ‘हं, मग?’ यालाही ‘गो ऑन’च. ‘कॅरी ऑन’ म्हणजे जे चाललंय ते चालू द्या. साहेब वर्गात आले, मुलं उभी राहिली, साहेब म्हणाले कॅरी ऑन. नवीन काही सुरू करायला ते चालत नाही. ‘कीप इट अप’ ही शाबासकी, आधी काही चांगलं केलेलं असेल तरच. ‘फील फ्री’ म्हणजे संकोच न करता, विचारत बसू नका. ‘बी माय गेस्ट’ ऐकून आमच्या गाईडला वाटलं होतं की पाहुणा त्याला घरी बोलावतोय. तसं काही नसतं. ‘तुमची दुर्बीण पाहू का?’ विचारल्यावर ‘अगदी खुशाल’ म्हणायची ती रीत आहे.

एक फसवा आहे, ‘सूट युवरसेल्फ’. दिसायला परवानगी, आतून नाराजी. ‘तुमची मर्जी, मला काय.’ आपल्या ‘खुशाल’चं सुद्धा असंच आहे. "खुशाल बसा" म्हटलं तर पाहुणचार, आणि बायको "जा ना, खुशाल जा" म्हणाली की शहाण्या माणसाने चप्पल काढून परत आत यावं.

आणि ‘डू यू माइंड’ची खोच. त्याचा अर्थ ‘तुमची काही हरकत आहे का?’ त्याला ‘येस’ म्हणजे ‘हो, हरकत आहे.’ बाई रुसल्या त्या यासाठी. पण त्याला नुसतं ‘नो’ म्हणायलाही आपली जीभ धजत नाही, कारण हो म्हणायचं असताना नाही कसं म्हणावं! मास्तरांनी सोपा तोडगा दिला. हो-नाहीच्या भानगडीत पडूच नका, अख्खं वाक्य बोला. परवानगी असेल तर ‘प्लीज स्टँड, नो प्रॉब्लेम.’ नसेल तर ‘सॉरी, नॉट अलाउड.’ आणि जंगलात ‘गो’ने सुरू होणारं काहीही बोलू नका. ‘वुई विल ड्राइव्ह फॉरवर्ड’ म्हणा, ‘प्लीज स्टे इन द व्हेइकल’ म्हणा. ‘यू कॅन’ही जपून. त्यात परवानगी पण येते आणि ताकद पण येते. ‘यू कॅन वॉक देअर’ म्हणजे तिथे चालत जाता येतं, की चालत जायला मुभा आहे? ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो.

ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो, हे मास्तर बोलले आणि मला चार वर्षांपूर्वीची एक बांधी आठवली.

तालुक्यातल्याच एका गावी मोटारसायकलवरून जात होतो. सप्टेंबरचा शेवट, आभाळ भरलेलं, हवेत उकाडा. धुऱ्यावरून एका शेतकऱ्याने हाक मारली, "साहेब, युरियाची एक बॅग उरली हाये. टाकू का जी?" मला पुढच्या गावच्या सभेला उशीर होत होता. गाडी बंद केली नाही. म्हणालो, "टाका, हरकत नाही."

त्याने टाकली. धान पोटरीतून लोंबीवर यायला लागलं होतं, आणि नत्राचे तिन्ही हप्ते त्याचे आधीच देऊन झाले होते. अर्धं नत्र रोवणीच्या वेळी, पाव फुटव्यांच्या वेळी आणि पाव लोंबी धरायच्या वेळी, असं आम्हीच सांगतो आणि त्याने ते पाळलं होतं. ही चौथी खेप. धान काळंभोर हिरवं झालं, दाटलं, मऊ पडलं. तुडतुड्याला दुसरं काय पाहिजे? पंधरा-वीस दिवसांनी बांधीच्या मधोमध खाटेएवढा गोल करपला, मग तो वाढत गेला. लांबून पाहिलं तर कोणी जाळ लावल्यासारखं. एका चुडात पाचदहा तुडतुडे दिसले की उपाय सुरू करायचा असतो. तिथे बुंध्याशी हात घातला तर मोजायची सोय नव्हती.

मी गेलो तेव्हा तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "तुमीच म्हनलं होतं ना जी, टाका."

मी घरी येऊन स्वतःशी वाद घालत बसलो. मी ‘टाका’ कुठे म्हटलं होतं? मी तर ‘हरकत नाही’ म्हटलं होतं. पण खरं सांगायचं तर त्याने परवानगी मागितलीच नव्हती. बांधी त्याची, बॅग त्याची, पैसा त्याचा, त्याला माझी परवानगी कशाला लागते? त्याने विचारलं होतं ‘शुड आय’, आणि मी गाडीवर बसल्या बसल्या उत्तर दिलं ‘यू मे’. त्याच्या कानावर ते ‘गो फॉर इट’ म्हणून पडलं, कारण बोलणारा साहेब होता. साहेबाची परवानगी गावात नेहमी शिफारस म्हणूनच ऐकली जाते. हे आम्हा विस्ताराच्या माणसांना पदविकेत कोणी शिकवत नाही.

यात दुसरं एक आहे. परवानगी देणाऱ्याची जबाबदारी तिथेच संपते. हिंमत देणाऱ्याची तिथून सुरू होते. ‘करून पाहा’ म्हणणाऱ्याने पुन्हा पाहायला गेलं पाहिजे. मी ‘हरकत नाही’ म्हटलं ते बहुधा परत जायला लागू नये म्हणूनच.

औषधाच्या बाबतीत हा घोळ जास्त महाग पडतो. डब्यावर नोंदणी क्रमांक असतो. तो केंद्रीय नोंदणी समितीचा. त्याचा अर्थ, लेबलवर लिहिलेल्या पिकासाठी आणि किडीसाठी हे औषध विकायला परवानगी आहे. ती शिफारस नव्हे. शिफारस विद्यापीठ देतं, आपल्या भागात चाचण्या घेऊन. आपल्यासाठी म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, आणि धानाचं त्यांचं काम साकोली आणि सिंदेवाहीच्या केंद्रांवर चालतं. आणि तिसरा शब्द दुकानातला, "चालते जी, टाका." हा ना परवानगी, ना शिफारस. तीन शब्द तीन ठिकाणांहून येतात आणि शेतकऱ्याच्या कानात एकच होऊन बसतात.

"दोन औषधं मिसळू का?" यालाही दुकानात ‘चालते’ हेच उत्तर मिळतं. इंग्रजी पत्रकात ‘कम्पॅटिबल’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की दोन्ही एकत्र केल्याने बिघडत नाहीत. मिसळून फवारा, असा त्याचा अर्थ नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. निरनिराळी औषधं एकत्र करून फवारण्याची गोष्ट तेव्हा चौकशीत पुढे आली होती. डब्यावरच्या त्रिकोणाचंही तेच. लाल सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. बरेच जण हिरव्याला सिग्नलसारखा हिरवा दिवा समजतात, म्हणजे जाऊ द्या बिनधास्त. हिरवा म्हणजे बाकीच्यांपेक्षा कमी विषारी. विष ते विषच. हातमोजे आणि तोंडावरचा कपडा हिरव्यालाही लागतो.

ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठीही यात थोडं आहे. आपण ‘ना हरकत’ दाखला देतो. शब्द पाहा, ‘हरकत नाही’ एवढंच तो बोलतो. मंजुरी ज्या खात्याने द्यायची त्यानेच द्यायची असते. तरी पुष्कळ जण दाखला हातात पडला की काम सुरू करतात आणि नंतर सरपंचाच्या नावाने बोटं मोडतात. दाखला देताना तोंडाने एक वाक्य सांगायला पैसे पडत नाहीत. ठराव लिहितानाही ‘मंजुरी’, ‘शिफारस’ आणि ‘हरकत नाही’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नयेत. इंग्रजी कायद्यात ‘शॅल’ आलं की करावंच लागतं, ‘मे’ आलं की करता येतं, करायलाच पाहिजे असं नाही. वरून आलेल्या इंग्रजी परिपत्रकात हे दोन शब्द आधी लाल शाईने खुणवून घ्यावेत असं माझं मत आहे.

जंगलाकाठच्या गावांना तर ‘कन्सल्टेशन’ आणि ‘कन्सेंट’ यांतला फरक पाठ असायला हवा. पहिल्यात तुम्हाला विचारतात, दुसऱ्यात तुमच्या होकाराशिवाय पुढे जाता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात वन्यजीव क्षेत्रातून पुनर्वसनाचा विषय आला की ग्रामसभेची लेखी संमती लागते, तीही मोकळ्या मनाने आणि सगळी माहिती मिळून दिलेली. नुसती सभा बोलावून सह्या घेतल्या तर ती संमती होत नाही. हजेरीच्या वहीवरची सही वेगळी, होकाराची वेगळी. सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं, नाहीतर वाचून मागावं.

आता कोणी म्हणेल, साहेब शब्दांचा फारच कीस काढतात, अशाने शेतकरी काही नवं करणारच नाही. तसं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे एचएमटी धान कोणाला ठाऊक नाही? चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ मध्ये त्यांना आपल्या पटेल-३ धानाच्या बांधीत वेगळ्या लोंबीची काही झाडं दिसली. त्यांनी ते बियाणं वेगळं ठेवलं, थोड्या जागेत लावलं, पुन्हा निवडलं. पुढे त्या वाणाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं. ते २०१८ मध्ये गेले, पण त्यांचं धान आजही आपल्या ताटात आहे. त्यांनी परवानगी मागितली नाही, मागायचं कारणही नव्हतं. एका कोपऱ्यात लावून पाहिलं, बिघडलं असतं तर कोपरा बिघडला असता. ‘करून पाहा’ हा शब्द मला म्हणून आवडतो. त्यात हिंमत आहे आणि ‘पाहा’ पण आहे. इंग्रजीत ‘ट्राय इट’ म्हणतात, आणि मास्तरांच्या मते तो ‘गो फॉर इट’पेक्षा सावध शब्द आहे.

माझ्यापुरता एक बदल मी केला आहे. "टाकू का जी?" कोणी विचारलं की गाडी बंद करतो आणि उलट दोन प्रश्न विचारतो. आधी किती दिलं? धान आता कोणत्या अवस्थेत आहे? उत्तर ऐकून ‘टाका’ किंवा ‘टाकू नका’ म्हणतो. माहीत नसेल तर ‘उद्या पाहून सांगतो’ म्हणतो. ‘हरकत नाही’ हा शब्द शेताच्या धुऱ्यावर मी सोडून दिला आहे. सभांना उशीर होतो, त्यावरून बोलणीही खातो.

गाईड पोराला मी हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. त्याने वाचलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "साहेब, हे बाकीच्या पोरायले सिकवू का?" मी विचारलं, परवानगी मागतो की सल्ला? तो हसला.

गेट उघडायच्या आधी, रोवणी सरली की गावातल्या शाळेत दोन संध्याकाळी बसायचं ठरलं आहे. मास्तर यायला तयार आहेत. आजूबाजूच्या गावांतल्या गाईड आणि जिप्सी चालवणाऱ्या मुलांनी यावं, वही-पेन आपलं आणावं. पैसे नाहीत. ज्यांना औषधाच्या डब्यावरचं इंग्रजी वाचून घ्यायचं आहे त्या शेतकरी बंधूंनी घरातला रिकामा नव्हे, भरलेला आणि सीलबंद डबा सोबत आणावा. रिकाम्या डब्यांची लेबलं बहुतेक निघालेली असतात.